सगळ्यांत चांगली बंदूक कोणती?

ज्या घरात १४-१५ वर्षांचं मूल आहे, त्या घरात बंद दाराआडून हा संवाद हमखास ऐकू येतो. ‘एके घेऊ का?’ ‘नको, पैसे पुरणार नाहीत. या राउंडला पिस्तुलावर भागव, पुढच्या वेळी सगळे मिळून घेऊ.’ ऐकणाऱ्या आईवडिलांच्या काळजात क्षणभर धस्स होतं. मग उलगडा होतो, की हा संगणकावरचा नेमबाजीचा खेळ आहे. चिरंजीव आपल्या चार मित्रांबरोबर कुठल्याशा अनोळखी पाच जणांशी लढत आहेत. आईवडील निःश्वास टाकतात आणि ‘पुरे आता, जेवायला ये’ म्हणून आपापल्या कामाला लागतात.

पण तो संवाद जरा थांबून ऐकण्यासारखा असतो. त्यात बंदूक केवढी मोठी याची चर्चा फारशी नसते. गाठीला किती आहे, मित्राकडे किती आहे, आज हरलो तर उद्या काय उरेल, याचाच हिशेब असतो. ‘सगळ्यांत चांगलं शस्त्र कोणतं?’ हा प्रश्न या खेळांत पहिल्यापासून विचारला जातो. त्याची उत्तरं मात्र काळागणिक बदलत गेली. ती कशी बदलली, कोणी बदलली आणि का बदलावी लागली, हा गेल्या ५० वर्षांचा एक छोटासा इतिहास आहे. खेळ पोरासोरांचा असला, तरी त्यातला प्रश्न मोठ्यांचा आहे. एकदा पुढे गेलेल्याला कायमचं पुढेच राहू द्यायचं का, हा तो प्रश्न.

सुरुवात झाली तेव्हा निवडायला काही नव्हतंच. १९७३ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काही तरुणांनी ‘मेझ’ नावाचा खेळ तयार केला. पुढे तो ‘मेझ वॉर’ म्हणून ओळखला गेला. रेघांनी काढलेला भूलभुलैया, त्यात फिरणारे खेळाडू आणि समोर दुसरा खेळाडू दिसला की झाडायची गोळी, एवढाच मामला. समोरचा खेळाडू दिसायचा तो चक्क एका मोठ्या डोळ्याच्या रूपात! दोन संगणक तारेने जोडून दोन माणसं एकमेकांविरुद्ध खेळत. दोघांकडे शस्त्र एकच, त्यामुळे फरक पडायचा तो फक्त चपळाईचा. समानता पुरेपूर होती, पण विचार करायला वाव कमी होता.

निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा केला तो ‘डूम’ने. अमेरिकेतल्या ‘इड सॉफ्टवेअर’ या छोट्या कंपनीने डिसेंबर १९९३ मध्ये हा खेळ बाजारात आणला. एकट्याने राक्षस मारत जायचा हा खेळ, पण त्यात चार जणांपर्यंत एकमेकांशी लढायचीही सोय होती. कंपनीतला एक प्रमुख जॉन रोमेरो याने त्या प्रकाराला ‘डेथमॅच’ असं नाव दिलं आणि ते कायमचं रूढ झालं. कचेऱ्यांतल्या आणि विद्यापीठांतल्या संगणकजाळ्यावर हा खेळ इतका खेळला जाऊ लागला, की काही ठिकाणी त्यावर बंदी घालावी लागली.

डूममध्ये खेळाडू उतरतो तो साध्या पिस्तुलानिशी. शॉटगन, रॉकेट लाँचर, प्लाझ्मा रायफल ही बाकीची शस्त्रं जागोजागी पडलेली असतात. त्यात ‘बीएफजी ९०००’ नावाची एक अजस्र तोफही असते. ज्याला जे सापडेल ते त्याचं. आता इथे ‘चांगलं शस्त्र कोणतं’ या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. जे जास्त नुकसान करतं ते चांगलं. खरा प्रश्न होता तो ते आधी कोणाच्या हाती पडतं हा. आपल्याकडे म्हणतात ना, ज्याच्या हाती ससा तो पारधी!

या म्हणीचा पुरता प्रत्यय आला तो त्याच कंपनीच्या १९९६ सालच्या ‘क्वेक’मध्ये. क्वेकचा राजा म्हणजे रॉकेट लाँचर. रॉकेट नेमकं लागायलाही नको, जवळ फुटलं तरी समोरचा उडतो. एवढंच नव्हे, स्वतःच्या पायाशी रॉकेट फोडून त्या धक्क्याने उंच उडी मारायची युक्ती खेळाडूंनी शोधून काढली. त्यात स्वतःलाही इजा होते, पण जिथे जिना नाही अशा जागी पोहोचता येतं. म्हणजे एकच वस्तू हत्यारही झाली आणि शिडीही.

पण क्वेकमधल्या पट्टीच्या खेळाडूंचं खरं कसब नेमबाजीपेक्षा घड्याळात होतं. शस्त्र, चिलखत, औषध उचललं, की ठरावीक वेळाने ते पुन्हा त्याच जागी उगवतं. १९९९ मध्ये आलेल्या ‘क्वेक थ्री अरीना’त लाल चिलखत २५ सेकंदांनी परत येई आणि ‘मेगाहेल्थ’ हे मोठं औषध ३५ सेकंदांनी. मुरलेला खेळाडू मनातल्या मनात हे आकडे मोजत फिरायचा आणि वस्तू उगवायच्या क्षणी बरोबर तिथे हजर असायचा. दुसऱ्याच्या वाट्याला काही येऊच द्यायचं नाही, हे त्याचं धोरण.

१९९७ मध्ये या खेळाची एक स्पर्धा अमेरिकेत फार गाजली. ‘रेड अ‍ॅनिहिलेशन’ हे तिचं नाव. क्वेकचा प्रमुख प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याने बक्षीस म्हणून आपली स्वतःची लाल फेरारी गाडी ठेवली होती. ती जिंकली डेनिस फाँग या तरुणाने. ‘थ्रेश’ या टोपणनावाने तो खेळत असे. अंतिम सामन्याचा निकाल होता १४ विरुद्ध उणे १! स्वतःच्या चुकीने मेलं, की क्वेकमध्ये गुण कापला जातो, त्यामुळे उणे. आता अंतिम फेरीत पोहोचलेला प्रतिस्पर्धी काही कच्चा नसणार. मग असा निकाल का लागावा? त्याचं बरंचसं उत्तर खेळाच्या घडणीत आहे. पहिल्या काही क्षणांत ज्याने शस्त्र आणि चिलखत काबीज केलं, तो प्रत्येक चकमकीत वरचढ ठरतो. मेलेला खेळाडू पुन्हा जन्मतो तो फुटकळ बंदूक घेऊन. रॉकेटवाल्यासमोर तो पुन्हा मरतो. बळी तो कान पिळी.

इथे खेळ बनवणाऱ्यांपुढे मोठा पेच उभा राहिला. उत्तम शस्त्र ठेवावं, तर ते ज्याच्या हाती पडेल तो सुटतो आणि बाकीच्यांना खेळण्यात रस राहत नाही. सगळी शस्त्रं सारखीच ठेवावीत, तर निवडीची गंमत जाते. क्वेक थ्रीने त्यावर एक मार्ग काढला. लांबून मारायला रेलगन, मध्यम अंतरावर रॉकेट आणि त्याहून जवळ, समोरासमोरच्या झटापटीत विजेच्या झोताची लाइटनिंग गन, असं प्रत्येकाचं क्षेत्र वाटून दिलं. रेलगनचा एक फटका १०० गुणांचं नुकसान करी, पण पुढचा फटका मारायला दीड सेकंद थांबावं लागे. तेवढ्यात समोरचा अंगावर आला, की संपलं. ‘एकच राजा’ ही कल्पना अशी मोडली. मात्र शस्त्रांच्या जागा अडवून बसणारा श्रीमंत आणि रिकाम्या हाताने जन्मणारा गरीब, ही दरी राहिलीच.

याच सुमारास दोन विद्यार्थी एक वेगळाच खेळ घडवत होते. मिन ले हा व्हिएतनामी वंशाचा कॅनेडियन तरुण, सायमन फ्रेझर विद्यापीठात शिकणारा. जेस क्लिफ हा अमेरिकेतला. ‘व्हॉल्व्ह’ कंपनीचा ‘हाफ-लाइफ’ हा खेळ १९९८ च्या नोव्हेंबरात आला होता. त्याच्याच सांगाड्यावर या दोघांनी फावल्या वेळात ‘काउंटर-स्ट्राइक’ उभारला. पहिली चाचणी आवृत्ती १९ जून १९९९ रोजी प्रसिद्ध झाली, तीही फुकट. ती इतकी लोकप्रिय झाली, की व्हॉल्व्हने खेळाचे हक्क घेतले आणि २००० च्या नोव्हेंबरात तो दुकानांत आला. त्यानंतरच्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या सायबर कॅफेंत तासाला ठरावीक पैसे मोजून मुलं जो खेळ रांगेत बसून खेळत, तो हाच. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांना ‘डस्ट टू’ हे नाव ऐकताच तो वाळूच्या रंगाचा चौक आणि त्यातला लाकडी दरवाजा आठवेल.

काउंटर-स्ट्राइकमध्ये दोन संघ असतात. एकाने बॉम्ब ठेवायचा, दुसऱ्याने तो रोखायचा किंवा निकामी करायचा. फेरीत एकदा मेलात, की ती फेरी संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. पण खरी क्रांती होती ती दुकानाची. इथे शस्त्रं रस्त्यावर पडलेली नसतात, फेरीच्या सुरुवातीला ती विकत घ्यावी लागतात. प्रत्येकाला पहिल्या फेरीत ८०० डॉलर मिळतात. हे खेळातले लुटुपुटूचे डॉलर, खऱ्या पैशांशी त्यांचा संबंध नाही. ८०० मध्ये येतं ते फार तर एखादं बरं पिस्तूल किंवा साधं चिलखत. पुढे फेरी जिंकली की जास्त पैसे, हरली की कमी, शत्रू टिपला की थोडी बक्षिशी.

२००३ मध्ये आलेल्या १.६ या गाजलेल्या आवृत्तीचा भाव पाहू. एके-४७ रायफल २,५०० डॉलरला, एम-४ कार्बाइन ३,१०० ला आणि दूरवरून एका गोळीत लोळवणारी ‘एडब्ल्यूपी’ स्नायपर ४,७५० ला. खेळाडूंच्या तोंडी तिचं नाव ‘ऑप’. ‘डेझर्ट ईगल’ हे दणकट पिस्तूल ६५० ला. चिलखत आणि शिरस्त्राण मिळून १,०००. शिवाय धूर करणारा, डोळे दिपवणारा, फुटणारा असे हातबॉम्ब वेगळे. आता ‘सगळ्यांत चांगलं शस्त्र कोणतं’ असं विचारलं, तर कोणीही ‘ऑप’ म्हणेल. पण ऑप घेतली आणि चिलखताला पैसे उरले नाहीत तर? ऑप घेऊन लगेच मेलात आणि ती शत्रूने उचलली तर? मेलेल्याच्या हातची बंदूक जमिनीवर पडते आणि ती कोणालाही घेता येते. म्हणजे तुमचे ४,७५० डॉलर गेले आणि ते शत्रूच्या कामी आले. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आजीचं वाक्य मुलं इथे ठेच खाऊन शिकतात.

त्यातून खेळाडूंची स्वतःची परिभाषा तयार झाली. सगळ्या संघाने हात आखडता घ्यायचा, पिस्तुलांवर फेरी काढायची आणि पैसे साठवायचे, त्याला म्हणतात ‘इको’. पुरेसे पैसे नसतानाही जे येईल ते घेऊन भिडायचं, तो ‘फोर्स बाय’. सगळ्यांकडे रायफल, चिलखत आणि हातबॉम्ब असले, की ‘फुल बाय’. यात मजेची गोष्ट अशी, की एकट्याने शहाणपणा करून भागत नाही. चौघांनी पैसे वाचवले आणि पाचव्याने आपली हौस म्हणून महागडी बंदूक घेतली, तर तो एकटा कापला जातो आणि पुढच्या फेरीत चौघांकडे बंदुका असताना याच्याकडे काही नसतं. याउलट ज्याच्याकडे जास्त पैसे आहेत, तो मित्रासाठी बंदूक विकत घेऊन त्याच्या पुढ्यात टाकू शकतो. उत्तम संघांत हे रोज घडतं.

तसाच प्रकार माघारीचा. फेरी हातची गेली आहे, पाचांपैकी एकटे तुम्ही उरला आहात, समोर चार जण आहेत आणि हातात महागडी ऑप आहे. काय कराल? पोरसवदा उत्साहात माणूस तुटून पडतो. जाणता खेळाडू मात्र कोपऱ्यात दडून बसतो, फेरी हरू देतो आणि बंदूक वाचवतो, कारण जिवंत राहिलेल्याचं शस्त्र पुढच्या फेरीत त्याच्याकडेच राहतं. शिर सलामत तो पगडी पचास. बघणाऱ्याला तो पळपुटेपणा वाटतो, पण त्याच एका बंदुकीने पुढची फेरी फिरलेली अनेकदा दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पैशांचा खेळ म्हटला, की जिंकणारा आणखी श्रीमंत होणार, क्वेकमधली दरी इथेही येणार, असं वाटेल. ती येऊ नये म्हणून काउंटर-स्ट्राइकमध्ये एक साधी, पण फार विचारी योजना आहे. हरणाऱ्या संघालाही पैसे मिळतात आणि सलग हरत गेलं, तर ते वाढत जातात. १,४०० पासून सुरुवात, मग प्रत्येक पराभवाला ५०० ने वाढ, ३,४०० पर्यंत. म्हणजे दोन-तीन फेऱ्या ज्याने मार खाल्ला, त्याच्या हाती पुन्हा रायफल येईल एवढी रक्कम जमते. फेरी जिंकायची की नाही ते त्याच्या कौशल्यावर, पण निदान समोर उभं राहण्याची ऐपत त्याला दिली जाते. पूर्वी एक फेरी जिंकली, की ही चढती मदत पुन्हा तळाला जात असे. कशीबशी एक फेरी काढायची आणि पुढची हरली की पुन्हा कंगाल, अशी गत व्हायची. २०१९ च्या मार्चमध्ये हा नियम सैल केला गेला. आता एक विजय मिळाला तर मदत एकच पायरी खाली येते.

शस्त्रांची जोडणीही अशीच विचारपूर्वक केलेली. एके-४७ फक्त बॉम्ब ठेवणाऱ्या बाजूला विकत मिळते, एम-४ फक्त रोखणाऱ्या बाजूला. २०१२ मध्ये आलेल्या ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या आवृत्तीतलं गणित पाहा. खेळाडूचा जीव १०० गुणांचा. एकेच्या गोळीची ताकद ३६. डोक्याला लागली की ती चौपट, म्हणजे १४४. शिरस्त्राण त्यातला साडेबावीस टक्के मार अडवतं, तरी जवळून सुमारे १११ उरतात. एका गोळीत खेळ खलास. एम-४ ए-४ ची ताकद ३३. चौपट १३२, शिरस्त्राणाने तीस टक्के अडवले की उरतात ९२. समोरचा आठ गुणांनी वाचतो आणि तेवढ्यात उलटी गोळी झाडतो. मग एम-४ महाग का आणि कोणी घ्यावी का? कारण ती कमी उसळते, सलग गोळ्या झाडताना आवरायला सोपी जाते आणि एका जागी दबा धरून राखण करणाऱ्याला ते सोयीचं पडतं. चाल करून येणाऱ्याला एकेचा फटका हवा, राखणाऱ्याला एम-४ ची स्थिरता. तरीही राखणाऱ्या बाजूचे खेळाडू पडलेली एके दिसली, की आपली एम-४ टाकून ती उचलतात. म्हणजे शत्रूची बंदूकच अनेकदा जास्त आवडते!

बंदुकीनुसार बक्षिशीही वेगळी ठेवली गेली. ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये रायफलीने शत्रू टिपला तर ३०० डॉलर, बहुतेक हलक्या सबमशीनगनने टिपला तर ६००, शॉटगनने ९००. आणि ऑपने? फक्त १००. दुबळं शस्त्र घेऊन जो जोखीम पत्करतो त्याला जास्त मोबदला, बलाढ्य शस्त्रवाल्याला कमी. सबमशीनगन ‘चांगली’ की ‘वाईट’ हे त्यामुळे नुसतं तिच्या गोळीवर ठरत नाही. समोरच्याकडे चिलखत नाही असा अंदाज असेल, तर त्या फेरीपुरती तीच सगळ्यांत चांगली बंदूक ठरते, कारण ती पुढच्या फेरीचेही पैसे मिळवून देते.

अर्थात, सगळंच असं आधी आखून ठरलं नाही. पुष्कळ गोष्टी खेळणाऱ्यांनीच ठरवल्या. १.६ आवृत्तीत पोलिसांच्या ढालीसारखी एक ढाल आली. ती धरून माणूस कोपऱ्यात उभा राहिला, की खेळ रेंगाळू लागला. अनेक स्पर्धांनी सरळ तिच्यावर बंदी घातली. खेळात ती विकत मिळायची, पण स्पर्धेत घ्यायची नाही. कित्येक सर्व्हरवर हौशी खेळाडूंनी ऑपलाही अशीच बंदी घातली. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘वरून पाटलांच्या गच्चीवर गेला तर आऊट’ हा नियम जसा मुलंच करतात, तसाच हा प्रकार. जे शस्त्र सगळ्यांचा खेळ बिघडवतं ते कितीही प्रभावी असलं, तरी चांगलं म्हणायचं नाही, असा एक अलिखित न्याय त्यात होता.

इंटरनेट वेगवान झालं तसा हा न्याय करणारा बदलला. पूर्वी खेळ एकदा विकला की विकला. आता कंपनीला हवं तेव्हा एखाद्या शस्त्राचे आकडे बदलता येतात आणि जगभरच्या सगळ्या संगणकांवर ते एकदमच बदलतात. २०१५ च्या डिसेंबरात ‘आर-८’ नावाचं एक रिव्हॉल्व्हर ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये आलं. किंमत पिस्तुलाची आणि मार जवळपास ऑपचा! चिलखत घातलेलाही छातीवर एक गोळी लागली की गार. पैशांचं सगळं गणितच कोलमडलं. काही दिवसांतच कंपनीला त्याची ताकद उतरवावी लागली.

त्याहून बोधप्रद कथा आहे ‘ऑग’ या रायफलीची. मूळ बंदूक ऑस्ट्रियाची, खेळात ती अगदी सुरुवातीच्या काळापासून होती. तिला दुर्बीण जोडलेली, म्हणून जाणकार तिला नवशिक्यांची बंदूक म्हणून नाक मुरडत. ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये तिची किंमत ३,३०० डॉलर होती. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने ती १५० डॉलरने उतरवली. फक्त १५०! तेवढ्या निमित्ताने काही खेळाडूंनी ती वापरून पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं, की ही तर राखण करायला एम-४ पेक्षा सरस आहे. पुढच्या काही महिन्यांत मोठमोठ्या स्पर्धांत नामांकित खेळाडूंच्या हाती ऑग दिसू लागली. इतकी, की २०१९ मध्ये कंपनीने किंमत पुन्हा ३,३०० केली आणि तिची धारही थोडी बोथट केली. विचार करा, वर्षानुवर्षं ती बंदूक दुकानात समोर होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं ते तिच्या दोषामुळे नव्हे, तर ‘ती चांगली नाही’ असं सगळे म्हणत होते म्हणून.

या बदलांची दुसरी बाजूही सांगायला हवी. आज हा खेळ कित्येक तरुणांचं पोट भरतो. एखाद्याने ऑप हाती घेऊन हजारो तास सराव केलेला असतो आणि त्या एका कसबावर संघात जागा मिळवलेली असते. २०१५ च्या मार्चमध्ये दुर्बिणीतून बघत चालताना ऑपवाल्याचा वेग कमी करण्यात आला. २०२२ च्या नोव्हेंबरात तिच्यात भरता येणाऱ्या गोळ्या दहावरून पाचवर आणल्या गेल्या. दोन्ही वेळा ऑपवाल्यांनी कुरकुर केली. ती अगदीच अनाठायी नव्हती. तबलजीचा तबला रातोरात कोणी बदलला, तर त्याला कसं वाटेल? पण पाचच गोळ्या असल्या की नेम चुकवणं महाग पडतं आणि समोरच्याला पुढे सरकायला एक फट मिळते. ती फट मिळावी, हाच तर हेतू होता.

पुढच्या पिढीच्या खेळांनी याच प्रश्नाला निरनिराळी उत्तरं दिली. २०१७ चा ‘पबजी’ आणि त्याची २०१८ मधली मोबाइल आवृत्ती आपल्याकडे खेड्यापाड्यांत पोहोचली. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर भारतात बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये तो ‘बीजीएमआय’ या नव्या नावाने अवतरला. इथे दुकान नाही. शंभर माणसं हवाई छत्रीने उतरतात आणि घरोघर शोधत फिरतात. पदरी पडलं आणि पवित्र झालं! सगळ्यांत बलाढ्य ‘एडब्ल्यूएम’ स्नायपर मात्र घरात सापडत नसे. ती विमानातून पडणाऱ्या लाल पेटीतून येई, गोळ्याही मोजक्याच. पेटीचा धूर दुरून सगळ्यांना दिसतो. तिच्याकडे धावणारा सगळ्यांच्या नेमात येतो. उत्तम शस्त्राची किंमत इथे डॉलरमध्ये नाही, जिवाच्या धोक्यात मोजायची.

जून २०२० मध्ये आलेल्या ‘व्हॅलोरंट’ने काउंटर-स्ट्राइकचं दुकान उचललं, पण एक गंमत केली. व्हँडल आणि फँटम या दोन मुख्य रायफली दोन्ही बाजूंना खुल्या ठेवल्या आणि दोघींचा भाव एकच, २,९००. व्हँडल कितीही अंतरावरून डोक्यावर एका गोळीत मारते. फँटम ठरावीक अंतरापलीकडे तसं करू शकत नाही, पण तिच्या गोळ्या जास्त, त्या झपाट्याने सुटतात आणि कुठून आल्या ते समोरच्याला चटकन कळत नाही. दोहोंत चांगली कोणती, हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि तो मिटला नाही यातच खेळ बनवणाऱ्यांचं यश आहे.

एक गोष्ट पालकांनी आवर्जून समजून घ्यावी. २०१३ च्या ऑगस्टपासून काउंटर-स्ट्राइकमध्ये बंदुकांवरची रंगीबेरंगी नक्षी खऱ्या पैशांत विकली जाऊ लागली आणि काही नक्ष्यांना डोळे पांढरे होतील असे भाव आले. त्या व्यवहारात जुगाराचा धोका आहे आणि तिथे घरातल्या मोठ्यांनी लक्ष घालायलाच हवं. पण त्या नक्षीने गोळीची ताकद कणभरही वाढत नाही. साधी एके आणि लाखमोलाची एके, मारा तोच. बापाचा खिसा जड म्हणून मुलाला मैदानात जास्त जोरकस बंदूक मिळत नाही. जे खेळ खऱ्या पैशांवर जास्त ताकद विकतात, त्यांच्यात आणि या खेळात हा मोठा फरक आहे. मूल पैसे मागायला आलं, तर नक्षीसाठी मागतंय की ताकदीसाठी, एवढं अवश्य विचारा.

५० वर्षांचा हा प्रवास एका ओळीत सांगायचा, तर तो उत्तमोत्तम शस्त्र शोधण्याचा नाहीच. कोणतंही शस्त्र कायमचं उत्तम राहू नये, यासाठी केलेल्या खटपटीचा तो इतिहास आहे. क्वेकच्या मैदानात पहिला ससा ज्याच्या हाती गेला, त्याला हरवणं जवळजवळ अशक्य होतं. काउंटर-स्ट्राइकने हरणाऱ्याच्या हातात चार पैसे ठेवले, बलाढ्याची बक्षिशी कमी केली, आणि मग खेळात खरी चुरस आली. आज या खेळात १३ फेऱ्या जिंकणारा सामना जिंकतो. तीन विरुद्ध नऊ असा मागे पडलेला संघ तिथून वर येतो आणि सामना काढतो, असं घडतं. तसं घडू शकतं म्हणूनच हजारो लोक हे सामने बघतात.

तेव्हा पुढच्या वेळी बंद दाराआडून ‘एके घेऊ का?’ असा आवाज आला, तर लगेच जेवायला हाक मारू नका. आत जाऊन विचारा, ‘तुझ्या संघात सगळ्यांत कमी पैसे कोणाकडे आहेत रे?’ उत्तर तयार असेल, तर पोरगं खेळ समजून खेळतंय असं खुशाल समजा. आणि मग हाक मारा, कारण आमटी गार होत असते.